दहापैकी दहा

लाटंबार्से
१० जानेवारी

दादा,

"माका तिचा कायेक नको." तुझं हे वाक्य वहिनीने फोनवर जसंच्या तसं सांगितलं. मी म्हटलं, त्याला सांग, मी अजून काही देऊ केलेलंच नाही. नुसती तपासणी करून आले आहे.

माझा नंबर तू बंद करून ठेवलास त्याला सात वर्षं झाली, म्हणून हे पत्र. तुझी गौरवी शनिवारी हरमलला घरी येईल तेव्हा तुझ्या हातात देईल. तिच्यावर ओरडू नकोस. दोष माझ्यावर टाक, तुला सवय आहे.

झालं ते असं. डिसेंबरात मी नववीच्या वर्गावर होते आणि दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. मी तिला शेवटची पाहिली तेव्हा ती बारा वर्षांची होती, दोन वेण्या घालायची. ओळखलीच नाही. कुणाची तरी थोरली बहीण असेल असं वाटून "थांबा जरा" म्हणाले. तर ती तिथूनच म्हणाली, "आत्ये, बाबांका रक्ताचो कॅन्सर झालो."

चाळीस पोरांसमोर. मी खडू खाली ठेवला.

स्टाफरूममध्ये बसून तिने सगळं सांगितलं. मुंबईला दोनदा जाऊन औषधं घेतलीस, केस गेले, रोग दबला. पण दबलेला रोग पुन्हा वर येणार, त्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी मूळपेशी तुझ्या अंगात घालायला हव्यात, आणि त्यासाठी सख्खं भावंड सगळ्यात चांगलं. तिथल्या फॉर्मवर 'भावंडे' असा रकाना होता म्हणे. त्यात तू रेघ मारलीस. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं तर म्हणालास, "माका भयण नाय."

रेघ मारून भावंड नाहीसं होत असतं तर मीही ती दोन-तीनदा मारली असती.

गौरवीने स्वतःची तपासणी करून घेतली, ती अर्धी जुळली. लेकराचं बापाशी अर्धंच जुळतं, अर्धं आईचं असतं. मग ती माझ्याकडे आली, तुला न सांगता. मी दुसऱ्या दिवशी म्हापशाला जाऊन रक्त देऊन आले, तेही तुला न सांगता. मंगळवारी निकाल आला. पेशीच्या अंगावर दहा खुणा बघतात, आपल्या दहाच्या दहा जुळल्या. सख्ख्या भावंडांतही असं चारात एकदाच होतं. आपल्या दोघांना मिळून आयुष्यात एकदा दहापैकी दहा पडले आणि तू पेपर परत करतोयस.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. सात वर्षांपूर्वीची सुनावणी. डोंगरावरच्या खाणीची तांबडी माती व्हाळाच्या पाण्याबरोबर आपल्या तिन्ही शेतांत उतरली, वायंगणाचा उन्हाळी भात बंद झाला, आणि मी सरकारी माणसांसमोर उभी राहून ते सांगितलं. खाणीचं काम थांबलं. खाणीवर चालणारे तुझे दोन टिपर दारात उभे राहिले. मी आपल्या शेतात काय झालं तेवढंच बोलले. तक्रारीच्या फाइलीत लावलेल्या फोटोत तुझा टिपर होता, त्याचा नंबर माझ्या लक्षात आला नव्हता, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगते.

मी द्यायला तयार आहे. घ्यायचं की नाही ते तू ठरव. पण बहीण नाही असं खोटं सांगून नको म्हणू नकोस. बहीण आहे, तिच्या हातचं नको, असं सरळ सांग त्या बाईंना.

कमल


लाटंबार्से
२३ जानेवारी

दादा,

तू पत्र फाडलं नाहीस, हे गौरवीने सांगितलं. दोनदा वाचलंस हेही सांगितलं. पोरगी माझ्या बाजूने हेरगिरी करते असं समजू नकोस, ती तुझ्याच बाजूने करते.

तुझे तीन निरोप मिळाले. तिन्हींना उत्तर देते.

पहिला. "तिचा रगत माझ्यात इला तर मी तिच्यासारखो होतलंय." होणार नाहीस, घाबरू नकोस. नववीच्या पोरांना जसं सांगते तसंच तुला सांगते, कारण तू नववीतूनच शाळा सोडलीस.

आईच्या पोटात आपण प्रत्येक जण आधी एकच पेशी होतो. त्या पेशीचं अजून काही ठरलेलं नसतं. तिच्या दोन होतात, चार होतात, मग हळूहळू प्रत्येकीचं ठरत जातं. कुणी स्नायूची होते, कुणी कातडीची, कुणी मज्जातंतूची. एकासारख्या एक पेशी मिळून एक काम करायला लागल्या की त्यांची ऊती होते. वेगवेगळ्या ऊती एकत्र आल्या की अवयव होतो. तुझं काळीज म्हणजे नुसता मांसाचा गोळा नव्हे. त्यात ओढणारे स्नायू आहेत, आतलं गुळगुळीत अस्तर आहे, ताल देणाऱ्या पेशी आहेत, रक्त पोचवणाऱ्या नळ्या आहेत. एकटी ऊती काही काळीज चालवू शकत नाही. आणि एकदा पेशीचं ठरलं की सहसा मागे फिरणं नाही. टिपरचा ड्रायव्हर हरमलच्या किनाऱ्यावर जाऊन पर्यटकांच्या खोल्यांचा आणि भाड्याच्या स्कूटरींचा मालक होऊ शकतो. स्नायूच्या पेशीला उद्या कातडी व्हायचं म्हटलं तर जमत नाही.

पण शरीर थोड्या पेशी न ठरवताच राखून ठेवतं. त्या मूळपेशी. रक्ताच्या मूळपेशी हाडांच्या आत, मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत बसलेल्या असतात. कमरेच्या हाडात जास्त. रक्त हीसुद्धा एक ऊतीच, पातळ आहे एवढंच. तिच्या लाल पेशी चार महिन्यांत मरतात आणि मूळपेशी रोज नव्या घालत राहतात. तुझ्या मगजात त्यातल्याच एका कोवळ्या पेशीचं बिघडलं. ती अर्धवट पांढऱ्या पेशी काढत सुटली. त्या काम करत नाहीत, मरत नाहीत आणि दुसऱ्यांना जागा देत नाहीत. औषधाने त्या खूप मेल्या, सगळ्या नाहीत. आता आणखी जहाल औषधाने तुझा मगज पार रिकामा करायचा आणि मग माझ्या मूळपेशी सलाइनसारख्या शिरेतून सोडायच्या. त्या हाडापर्यंत आपल्या आपण जातात. तिथे रुजल्या तर नवं रक्त करतात.

म्हणजे बदलणार ते रक्त. मेंदू तुझाच, काळीज तुझंच, जीभही तुझीच राहील. डॉक्टरांनी जीभही बदलली असती तर मी जास्त खूश झाले असते.

हेही लपवत नाही की यात माणसं दगावतात. मगज रिकामा असताना साधा ताप जिवावर उठतो. ते तू डॉक्टरीणबाईंना विचार, मी मास्तरीण आहे.

दुसरा निरोप तू गौरवीला हळूच विचारलास. "तिका काय होयत?" शेजाऱ्याने तुला सांगितलंय की पाठीच्या कण्यात सुई घालतात आणि देणारा पांगळा होतो. तसं काही नाही. पाच दिवस दंडात सुई घ्यायची, त्याने मूळपेशी हाडातून रक्तात येतात. मग एका हातातून रक्त काढतात, यंत्र त्यातल्या मूळपेशी वेगळ्या करतं आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातात परत. हाडं चार दिवस ठणकतील. तू विचारलंस हे मी ऐकलंच नाही असं समज.

तिसरा निरोप. "तिची बी.एस्सी. खाणीच्या मातीवर झाली." हो, झाली. बाबा गेल्यावर तू खाणीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढलास आणि मी पुढे कॉलेजला गेले. हे मी कुणापासून लपवलेलं नाही, माझ्या वर्गातल्या पोरांनाही सांगते. पण शिकवलंस तर शिकलेलं वापरणारच ना? शेतात उतरलेली माती कुठून आली हे मला कळलं, कारण तू मला शिकवलंस. आता मला का कळलं म्हणून रागावून काय उपयोग?

कमल


लाटंबार्से
२ फेब्रुवारी

दादा,

काल सकाळी सत्यवतीवहिनी आली होती. तुला सांगून आली की न सांगता, मला माहीत नाही. पाववाला पोदेर नुकताच येऊन गेला होता, मी तिच्यासमोर गरम पोयी आणि चहा ठेवला. तिने हात लावला नाही. जनेलाजवळच्या बांकावर पदर घट्ट धरून बसली.

"वन्सं, ते तयार आसत," ती म्हणाली. "पण एक गोष्ट आसा."

"बोल."

"चौदा तारखेक नव्या खाणीची सुनावणी आसा. तुमी त्या दिवशी घरात रवा."

मी विचारलं, "ही अट त्याची की तुझी?"

तिने जनेलातून बाहेर रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ट्रकवाले आमच्या घरात येवन गेले. लोक म्हणतत, भावाक रगत देता आणि भावाच्या पोटार पाय देता, ह्या कसला? वन्सं, माका घोव व्हयो. माका खाण नको आणि शेत पण नको."

तिला रडू येत होतं आणि ते ती येऊ देत नव्हती. दादा, मला त्या क्षणी हो म्हणावंसं वाटलं. एक दिवस घरात बसायला काय जातं? पण मग पुढे काय? उद्या तू बरा झालास की तू जिवंत आहेस म्हणून मी गप्प, असं आयुष्यभर चालायचं. तुझ्या प्रत्येक श्वासाबरोबर मी तोंड मिटून बसायचं. तसलं देणं मला द्यायचं नाही.

मी तिला सांगितलं, "वहिनी, मी त्याला पेशी देते त्यात माझी एकही अट नाही. त्याने मला फोन करावा, बोलावं, सणाला बोलवावं, काही नाही. बरा होऊन त्याने मला शिव्या घातल्या तरी चालेल. पण मीही कुणाची अट घेणार नाही. चौदाला मी जाणार, बोलणार, आणि पंधराला मुंबईची गाडी धरणार. तो नको म्हणाला तर नको."

तिने गार झालेला चहा उचलून एका दमात संपवला. "तुमी दोगां एकाच हाडाची," म्हणाली आणि उठली. जाताना पोयी मात्र पदरात घेऊन गेली.

आज दुपारी गौरवीचा फोन आला की तू संमतीच्या कागदावर सही केलीस. बरं.

गेल्या आठवड्यात मुंबईला माझी तपासणी झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून विचारलं होतं, "एकदा त्यांचं औषध सुरू झालं की तुम्हाला माघार घेता येणार नाही. घेतलीत तर ते वाचणार नाहीत. कळतंय?" मी म्हटलं, कळतंय. मग मी सुनावणीचं सांगितलं. त्या वैतागल्या. "पुढे ढकलता नाही येणार?" मी म्हटलं, "तुमचं ढकलता येईल का?" तेही येत नव्हतं. शेवटी पहिल्या दोन सुया डिचोलीच्या आरोग्य केंद्रात घ्यायच्या असं ठरलं. पण स्कूटरवर बसायचं नाही, बसनेच हिंडायचं, गर्दीत मास्क लावायचा, आणि काही झालं तर आधी त्यांना फोन. आता माझी हाडं सांभाळायची जबाबदारी माझ्यावर आहे. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच कुणाला तरी त्यांची किंमत आली.

कमल


लाटंबार्से
७ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा,

सोमवारी तुझं औषध सुरू होतं. त्यानंतर परतीची वाट नाही. म्हणून हे पत्र तुझ्याकडे त्याआधी पोचायला हवं. गौरवी आज संध्याकाळच्या गाडीने मुंबईला येते आहे, तिच्याकडे दिलंय.

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं की फोटोतल्या टिपरचा नंबर माझ्या लक्षात आला नव्हता. ते खोटं आहे. सात वर्षांपूर्वी बोलले तेही खोटंच होतं.

तो फोटो मीच काढला. सकाळी सहाला व्हाळाच्या वळणावर. टिपर मागे घेऊन टाकाऊ माती काठावर ओतत होते, तीन टिपर होते, तुझा मधला. तू चालवत नव्हतास, तुझा ड्रायव्हर होता. घरी येऊन मी फोटो मोठा करून पाहिला. नंबर दिसत होता. मागच्या फळीवर तू रंगवून घेतलेलं आईचं नाव दिसत होतं. मी तो फोटो फाइलीतून दोनदा बाहेर काढला आणि दोनदा परत आत ठेवला. बाकीच्या फोटोंत नुसती माती होती. माती कुणी टाकली हे त्या एकाच फोटोत दिसत होतं.

कंत्राटदाराने टिपरच्या यादीतून सगळ्यांच्या आधी तुझं नाव काढलं ते त्या फोटोमुळे. खाण बंद व्हायच्या चार महिने आधी. लोकांना वाटलं तुझी बहीण बोलली म्हणून काढलं. खरं कारण तो फोटो होता, आणि मला ते ठाऊक होतं. तू ओट्यावर उभा राहून विचारलंस, "कमळे, तुका नंबर दिसलो नाय?" आणि मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नाही." तू माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस. तरी मी सात वर्षं हेच धरून बसले की भाऊ आपल्या बहिणीवर विश्वास ठेवत नाही. त्या रागावर मला छान जगता आलं.

फोटो दिला याबद्दल मी माफी मागत नाही. आज दिसला तर आजही देईन. ती माती तिथे टाकायला नको होती, टिपर कुणाचाही असो. पण द्यायच्या आधी तुझ्याकडे यायला हवं होतं. "दादा, उद्या हा फोटो जाणार आहे," एवढं तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. सरकारसमोर बोलायला होती, तुझ्यासमोर नव्हती. आणि नंतर खोटं बोलले. त्याची माफी मागते.

आता ज्या बाईच्या पेशी तू अंगात घेणार आहेस ती अशी आहे. नको असेल तर रविवार रात्रीपर्यंत डॉक्टरीणबाईंना सांगता येतं. गौरवीची अर्धी जुळणीही चालते, त्यात धोका थोडा जास्त आहे. पोरगी तयार आहे.

मी गुरुवारी सकाळी पहिल्या सुईसाठी आरोग्य केंद्रात जाऊन बसेन. रविवारपर्यंत तुझा नकार आला तर जाणार नाही.

कमल


मुंबई
१८ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या खोलीत बाहेरचा कागद नेऊ देत नाहीत. गौरवी काचेबाहेर उभी राहून फोनवर हे वाचून दाखवेल. मध्ये झोप लागली तर झोप. ती उरलेलं उद्या वाचेल.

तुझा निरोप रविवारी मिळाला होता. "नंबर तिका दिसललो, ह्या मी तेवाच वळखलंय. तिका सांग, सुई घी." गौरवीचा तो फोन मी शेतात उभी राहून घेतला. नंतर बराच वेळ बांधावर बसून राहिले. का ते सांगत नाही.

आता सुनावणीचं. तुला कुणीतरी वेगळंच काही सांगायच्या आधी मीच सांगते.

शुक्रवारी सकाळी दुसरी सुई घेतली आणि बसने आले. शाळेच्या पटांगणात मांडव होता. तोपर्यंत हाडं ठणकायला लागली होती. दाढ दुखते तसं, पण कमरेत आणि छातीच्या मधल्या हाडात. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला ट्रकमालक, समोर टेबलाशी अधिकारी आणि कंपनीचा माणूस. माझं नाव पुकारलं तेव्हा मागून एक जण ओरडला, "भावाचा घर बुडवलंस आणि आता रगत देवन पुण्य कमवतंस!" लोक हसले. मी माइकचा दांडा धरला.

मी म्हटलं, "भावाचं आणि माझं काय ते आम्ही बघून घेऊ. मला नकाशाविषयी विचारायचं आहे." मग विचारलं की खाणीच्या ढिगाऱ्याचं पाणी कुठे जाणार. कंपनीच्या माणसाने काठीने नकाशावर दाखवलं. मी म्हटलं, तिथे तर आमचा व्हाळ आहे, तो नकाशात कुठे आहे? त्याने खाली वर बघितलं. म्हणाला, ते पावसाळी गटार आहे, दाखवायची गरज नाही.

मला राग आला, दादा. मी मागे वळले. सगळ्यांना म्हटलं, शेतकरी नको, ट्रकमालक नको, गावचे म्हणून सांगा. ह्या गटारात पोहायला कोण कोण शिकलं? उन्हाळ्यात म्हशी कुणी धुतल्या? हात वर करा.

आधी शेतकऱ्यांचे हात वर गेले. मग ट्रकमालकांतले दोन. मग सात-आठ. माझ्यावर ओरडलेला माणूसही त्यात होता, त्याने कोपरापर्यंतच वर केला. अधिकाऱ्याने नकाशा आपल्याकडे ओढून घेतला, कंपनीच्या माणसाशी कुजबुजला आणि सुनावणी तहकूब केली. व्हाळ मोजून नवा नकाशा आणा, मग पुन्हा बोलवू, असं म्हणाला. खाण रद्द झाली असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. पुन्हा होणार.

मी घरी आले आणि अंथरुणावर पडून रडले. हाडांमुळे. दुसरं कारण नव्हतं.

काल सकाळी यंत्राला लावलं. पाच तास. दोन्ही हातांत सुया, नाक खाजलं तर परिचारिकेला सांगायचं. शेवटी वर पिशवी दिसली. त्यात जे जमलं होतं ते टोमॅटोच्या साराच्या रंगाचं होतं, जेमतेम वाटीभर. मी त्या परिचारिकेला म्हटलं, एवढंच? ती म्हणाली, "ह्यात कोट्यवधी पेशी आहेत, मॅडम." तीच पिशवी दुपारी तुझ्या खोलीत गेली. मी काचेतून बघत होते. तुला डोक्यावर एक केस नाही, भुवया नाहीत, ओठ फुटलेले. सात वर्षांनी तुला बघितलं तर असा. थेंब पडायला लागल्यावर तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस आणि मग तोंड भिंतीकडे केलंस.

मी तरी उभी राहिले. पिशवी रिकामी होईपर्यंत.

कमल


लाटंबार्से
२४ मार्च

दादा,

तेराव्या दिवशी तुझ्या पांढऱ्या पेशी वर आल्या तेव्हा मला गौरवीने शाळेत फोन केला. मी नववीच्या वर्गाला सांगितलं की रुजल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापक धावत आले, त्यांना वाटलं मारामारी झाली.

आता ऐकते की तुझ्या अंगावर पुरळ उठलंय. तळहात, छाती, मान, सगळं लाल आणि खाज. आणि तू डॉक्टरीणबाईंना म्हणालास, "माका म्हायत होता, ती भितर जावन पण भांडतली."

बरोबर बोललास. त्या माझ्याच पेशी आहेत. त्यांना तुझी कातडी परकी वाटते, म्हणून त्या तिच्यावर उठल्या आहेत. दहापैकी दहा जुळलं तरी बारीकसारीक फरक राहतातच. हे थट्टेवारी नेण्यासारखं नाही, वाढलं तर आतडी आणि यकृतही धरतं. म्हणून त्या गोळ्या वेळेवर घे, कडू लागल्या तरी. पण डॉक्टरीणबाई मला एक गोष्ट म्हणाल्या ती तुला सांगितली की नाही माहीत नाही. थोडंसं भांडण त्यांना हवंच असतं. तुझ्या रोगाची एखादी पेशी कुठे दडून राहिली असेल तर तिलाही ह्याच भांडकुदळ पेशी शोधून मारतात. अगदी गप्प बसल्या तर रोग परत यायची भीती जास्त.

मला झोप येत नाही, हे खरं आहे. माझं काहीतरी तुझ्या आत आहे आणि तुला जाळतंय. तुझ्याशी भांडताना मला कधी भीती वाटली नव्हती. आता वाटते. आतड्यावर जाऊ नये एवढंच रोज म्हणते. कुणाला म्हणते ते विचारू नकोस, मी विज्ञानाची शिक्षिका आहे.

कमल


लाटंबार्से
३० ऑगस्ट

दादा,

काल संध्याकाळी फोनवर तुझं नाव उजळलं. मी भात ढवळत होते, तो तसाच करपला. सात वर्षांनी फोन केलास आणि पहिलं वाक्य काय, तर "माझो रक्तगट बदललो, तुका म्हायत आसा?"

माहीत होतं. तू जन्माचा बी, मी ओ. आता तुझी जुनी लाल पेशी एकही उरली नाही, सगळ्या माझ्या मूळपेशींनी केलेल्या. गौरवीने अहवाल पाठवला होता, शंभरातल्या शंभर पेशी माझ्या. तुझ्या रक्ताचा थेंब कुणी तपासला तर बाईचं रक्त म्हणून निकाल येईल. तू म्हणालास, "ह्या हरमलात कोणाक सांगू नको." मी सबंध स्टाफरूमला सांगितलंय.

मग चाळीस मिनिटं भांडलो. बारा सप्टेंबरला पुन्हा सुनावणी आहे आणि तू ट्रकमालकांच्या बाजूने बोलायला येणार. मी म्हटलं, डॉक्टरांनी गर्दीत जायला सांगितलंय का? तू म्हणालास, सहा महिने झाले, मास्क लावून जा म्हणाल्या. मी म्हटलं, मुद्दाम माझ्यासमोर बसायला येतोस. तू म्हणालास, "होय." मग म्हणालास, "व्हाळ नकाशात घालूक व्हयो, ता मी पण सांगतलंय. थंय माती टाकूक मी देवचंय नाय. पण खाण व्हयी. पोरांका काम व्हया. सगळ्यांनी काय हरमलात जावन खोल्यो झाडूच्यो?"

त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. ते बारा तारखेला सगळ्यांसमोर देईन. ह्या वेळी आधी तुला सांगून ठेवते. तुझ्या टिपरचा तो फोटो मी पुन्हा दाखवणार आहे. नंबर झाकणार नाही. तुला काय बोलायचं ते तयार करून ये.

सुनावणी दहाला आहे. मास्क लावून ये, पाणी घरचं आण, उन्हात उभा राहू नकोस, कातडी अजून कोवळी आहे. पुढच्या रांगेत पंख्याखाली बस. तुझ्यासाठी मी खुर्ची मात्र धरून ठेवणार नाही. लवकर यायचं.

तुझी बहीण,
कमल